तोटी उजवीकडे

मी एक जुनी, एका अंगाला पोचा पडलेली चहाची किटली आहे. मला शाळेत नेण्यात कोणाचा किती लाभ होता, ते आधी मांडून टाकते. म्हणजे निदान तुमचा तरी घोळ होणार नाही. माझा झाला आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

जीवनलाल सर चित्रकलेचे शिक्षक. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत मुलांपुढे एखादी वस्तू मांडतात आणि ती पाहून काढायला सांगतात. त्या कामासाठी सर दर वर्षी घरून पाण्याचा पितळी गुंड न्यायचे. एका वर्षी तो गुंड पोटावर पेन्सिलीच्या मिशा घेऊन घरी परतला. तेव्हा त्यांच्या पत्नी गिरजाबाईंनी सांगून टाकले, "आता गुंड जाणार नाही. फारच गरज असेल तर मला न्या अन् टेबलावर बसवा." तेव्हा सरांचा पहिला लाभ म्हणजे घरातली शांतता. दुसरा लाभ निकालाचा. गुंडाला नुसते पोट असते. किटलीला तोटी असते, झाकण असते, मूठ असते. जितके अवयव जास्त तितके पाठ करून घ्यायला सोपे. कवडू चहावाल्याचा लाभ असा, की जुनी किटली देऊन त्याला नवी मिळणार होती. आणि माझा लाभ म्हणजे विस्तवापासून सुटका.

कोणाचेच काही जाणार नाही, असा हा सौदा होता. मित्रांनो, मी बरीच वर्षे टपरीवर काढली आहेत, म्हणून सांगते. ज्या सौद्यात कोणाचेच काही जात नाही, त्यात भरणारा माणूस अजून यायचा असतो.

माझा जन्म कारखान्यातला. अ‍ॅल्युमिनियमची एक सपाट चकती यंत्रावर गरगर फिरली आणि तिला पोट आले. मग कोणी तोटी जोडली, कोणी मूठ बसवली आणि गोंदियाच्या बाजारात माझ्याचसारख्या दिसणाऱ्या बहिणींबरोबर मला दोरीला टांगले. तिथून कवडूने मला दरेकशाला आणले. मूठ हाताला पोळते म्हणून त्याने तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. झाकण हरवू नये म्हणून ते सुतळीने बांधले. एवढ्या दागिन्यांवर माझा संसार सुरू झाला.

दरेकसा स्टेशन लहान. आजूबाजूला डोंगर आणि जंगल, मध्ये थोडा वेळ थांबणारी पॅसेंजर. गाडी आली की कवडू मला उचलून खिडक्यांकडे धावायचा. अशाच एका धावपळीत डब्यातून कोणीतरी हात काढून ओरडले, "ओ भाई, इधर एक चाय!" कवडू वळला, त्याचा पाय घसरला आणि मी फलाटावर आपटले. पोटाला पोचा पडला. कवडूने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा सांडलेल्या चहाकडे. चहाकडे जास्त वेळ पाहिले.

टपरीवर मी एक विद्या शिकले. कोण कोणाला चहा पाजतो आणि कायले पाजतो, ते मला ओळखता येऊ लागले. मामाने भाच्याला बोलावून चहा पाजला, की समजावे भाच्याचा ट्रॅक्टर हवा आहे. ठेकेदाराने तेंदूपत्त्याच्या मजुरांना लागोपाठ दुसरा चहा सांगितला, की समजावे आता काहीतरी वाईट ऐकवणार. माणसांच्या बाबतीत माझा अंदाज सहसा चुकत नाही. तो चुकला फक्त चित्रकला शिकवणाऱ्यांच्या बाबतीत. एक चुकला म्हणून दुसऱ्याने दुरुस्त करायला गेले, तर दोन्ही चुकले.

शाळा जवळच्याच एका गावात आहे. गावाचे नाव सांगत नाही, त्यात गावाचा काही दोष नाही.

जीवनलाल सरांची रीत पक्की होती. ते मला स्टुलावर ठेवायचे. पोचा भिंतीकडे, तोटी उजवीकडे. मग माझ्याकडे पाठ करून फळ्यावर किटली काढायचे आणि विचारायचे, "आधी काय?"

"लंबगोल!" सगळा वर्ग ओरडायचा.

"त्याच्याखाली?"

"मडकं!"

"वर?"

"कमान!"

"अन् तोटी?"

"उजवीकडे!"

पाढे म्हणावेत तशी मुले मला म्हणायची. समोर बसलेल्यांची तोटी उजवीकडे, हे ठीक. पण माझ्या पाठीमागे बसलेल्यांचीही उजवीकडेच. एखादा मुलगा चुकून माझ्याकडे बघत राहिला, तर सर रागवायचे, "फळ्याकडं पाहा रे! किटलीकडं काय पाहता?" मला कळेना, मग मला आणले तरी कशाला? गिरजाबाईंचा गुंड तर फळ्यावर तसाही सुखरूप राहिला असता.

पण घाईने सरांना नावे ठेवू नका. मी ठेवून पाहिली आहेत, टिकली नाहीत. परीक्षेच्या दिवशी सर सगळ्यांच्या पेन्सिलींना स्वतः ब्लेडने टोक काढायचे. त्यांच्या खिशात मऊ रबरे असायची, ज्याचे रबर कागद काळा करायचे त्याला ते हळूच आपले द्यायचे. एकदा ऐन रोवणीत एका बापाने पोरीला शाळेतून काढून धानाच्या बांधीत, म्हणजे चिखलाच्या वाफ्यात, उभे केले. सर सायकलने तिथे गेले, पँट वर करून चिखलात तिच्या शेजारी उभे राहिले आणि रोपे लावू लागले. इतकी वाकडी लावली, की बापच कंटाळून म्हणाला, "सर, पोरीले घेऊन जा, पन तुम्ही बांधीतून निंगा." ती पोरगी परीक्षेला बसली. तिला 'अ' श्रेणी मिळाली, त्याचे वाढीव गुण दहावीला मिळाले. दर वर्षी जवळजवळ सगळ्यांनाच 'अ' मिळायची. गावात सर दिसले की माणसे उठून उभी राहायची.

कागदांवर मात्र मी नसायची. पोचा नसलेली, ट्यूब नसलेली, सुतळी नसलेली कोणी दुसरीच किटली असायची. ती माझ्यापेक्षा देखणी होती, हे मान्य करते.

सर निवृत्त झाले आणि मी कपाटात गेले. पालीने माझ्या पोटात अंडी घातली. कोणी विचारले नाही. शेवटी नंदाबाईंनी मला बाहेर काढले. नंदाबाई शाळेतल्या मुलांचे जेवण रांधतात. त्यांनी मला राखेने घासले आणि वरण वाढायला लावले. "तोटी असली का सांडत नाही," असे त्या म्हणाल्या. आयुष्यात मिळालेली ही माझी पहिली स्तुती. मी त्यावर समाधानी होते.

मग योगेश्वरी मॅडम आल्या.

त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्यापुरत्या शिक्षिका. पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही, ते मुख्याध्यापकांच्या मर्जीवर. पहिल्याच दिवशी त्या स्वयंपाकाच्या खोलीत आल्या.

"नंदाबाई, चित्रकलेची किटली कुठं असते?"

"कपाटात राहत होती. आता वरनात राहते."

"मला हवी आहे."

"मंग वरन कायनं वाढू? तुमच्या ब्रशानं?"

मग तोडगा निघाला. सकाळी चित्रकला, दुपारी वरण. तेव्हापासून माझ्या दोन नोकऱ्या आहेत आणि दोन्हीकडे मी वेळेवर असते.

मॅडमनी मुलांना माझ्याभोवती गोल बसवले आणि सांगितले, "आज काही काढायचं नाही. नुसतं पाहायचं."

मुन्ना म्हणून एक मुलगा आहे, त्याच्या तोंडाला झाकण नाही. तो म्हणाला, "मॅडम, पाहून काय भेटते?"

"सांगते. तुझं पाहून झालं?"

"कवाचंच झालं."

"मग डोळे मीट आणि सांग, हिच्या मुठीला काय गुंडाळलंय?"

मुन्नाने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. वर्ग हसला. त्याने डोळे उघडून पाहिले आणि ओरडला, "आता गं! सायकलची ट्यूब!" कवडूने ती पट्टी गुंडाळल्याला किती वर्षे झाली होती, शाळेला ती त्या दिवशी दिसली.

मग माझ्या मागच्या अंगाला बसलेली एक मुलगी वाकली. ती नंदाबाईंची हर्षा, नववीतली. फार बोलत नाही. पोच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मॅडम, हिले इथं लागलं."

लागलं, म्हणाली. माणसाला लागते तसे. मला काय वाटले ते सांगता येत नाही. किटलीला तसे काही वाटत नसते, असे मी आजवर समजत होते.

मॅडम मला रोज फिरवून ठेवायच्या. मुलांच्या जागा मात्र ठरलेल्या. त्यामुळे प्रत्येकाला रोज वेगळी किटली दिसायची आणि कोणाचेही कोणाकडे बघून काढायची सोय उरली नाही. एक दिवस माझी तोटी नेमकी हर्षाकडे आली. हर्षाने जसे दिसले तसे काढले. एक मोठा गोल, त्याच्या मधोमध पुढे आलेला एक लहान गोल. मुन्नाने डोकावून पाहिले आणि हसून लोळायचाच काय तो राहिला. "हर्षानं डुक्कर काढलं! किटली सांगतली तं डुक्कर काढलं!"

मॅडम हसल्या नाहीत. त्या हर्षाच्या जागेवर मांडी घालून बसल्या, हनुवटी खाली घेतली, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. इथून अशीच दिसते. मुन्ना, इकडे येऊन बस." मुन्ना बसला. त्यालाही डुक्कर दिसले. तो गप्प झाला, आणि ही गोष्ट शाळेत बरेच दिवस बोलली गेली.

आता तुम्ही म्हणाल, ठरले तर मग, चांगल्या शिक्षिका याच. मीही असेच म्हणाले होते. पण मग मी दुसरी बाजू पाहायला लागले. परीक्षेत नक्षीकामही येते, अक्षरलेखनही येते. मॅडमचा एक पुरा तास माझ्या सावलीचा रंग कोणता यावर गेला, आणि शेवटी कोणाचेच एकमत झाले नाही. मुलांचे कागद बघवत नव्हते. खोडलेले, काळे झालेले, तिरके. जीवनलाल सरांच्या मुलांच्या किटल्या एका रांगेत लावल्या तर दुकान वाटायचे. मॅडमच्या मुलांच्या लावल्या तर अपघात.

ते अपघात खुमेंद्र सरांनी पाहिले. खुमेंद्र सर मुख्याध्यापक. गोंदियात राहतात, म्हणून निम्मे हिंदीत रागावतात.

"मॅडम, ये क्या है? डुकराचं तोंड?"

"किटली आहे सर. समोरून."

"समोरून कशाला पण? बाजूनं चांगली दिसते ना!"

मग सरांनी आवाज खाली घेतला. आवाज खाली आला की मामला पक्का, हे मला टपरीपासून माहीत आहे. "देखो मॅडम, यंदा 'अ' श्रेणी पहिल्यासारख्या आल्या, तर पुढच्या वर्षी तुम्ही आहात. नाही आल्या, तर चित्रकलेचा तास मी गणिताला देणार. वरून मलाही विचारतात. बुरा मत मानो."

आणि परीक्षेआधीच्या काही दिवसांसाठी त्यांनी जीवनलाल सरांना मार्गदर्शन करायला बोलावले.

एका खोलीत दोन शिक्षक आणि मधे मी. सर आले की मला फिरवायचे, पोचा भिंतीकडे. मॅडम आल्या की पुन्हा फिरवायच्या, पोचा मुलांकडे. सर म्हणायचे फळ्याकडे पाहा. मॅडम म्हणायच्या किटलीकडे पाहा. मुले बिचारी दोन्हीकडे पाहत खिडकीतून बाहेर पाहू लागली.

एक दिवस मुले जेवायला गेल्यावर दोघे खोलीत राहिले. मीही, कारण त्या दिवशी वरण नव्हते, खिचडी होती.

"मॅडम, राग नका मानू," सर म्हणाले. ते हर्षाचा कागद हातात धरून होते. "पोरीचा हात चांगला आहे. पण हा कागद जाणार दूर कुठं तरी. तपासणारा तिथं बसलेला. त्याला कोण सांगणार, की ही तोटीच्या समोर बसली होती? कागद जातो मॅडम. पोरीची जागा कागदाबरोबर जात नाही."

मॅडमनी तो कागद त्यांच्या हातातून घेतला. मग म्हणाल्या, "म्हणून तिनं खोटी काढायची?"

"खोटी नाही हो. सोयीची. आधी पास होऊ द्या, डोळे कुठं पळून जातात?"

"जातात सर," मॅडम म्हणाल्या.

मला दोघांचेही पटले. हीच माझी अडचण आहे. दोन माणसे भांडत असली, की एकाचा तरी स्वार्थ शोधून काढायचा आणि दुसऱ्याला बरोबर म्हणायचे, अशी माझी पद्धत. इथे सरांना काही मिळणार नव्हते. पेन्शन घेणारा माणूस उन्हातून सायकलने यायचा. मॅडमना मिळायचे होते, पण त्या ते मिळेल असे काही करायला तयार नव्हत्या. असे हिशेब टपरीवर कधी आले नाहीत.

खुमेंद्र सरांनी घातलेल्या अटीतले मॅडमनी मुलांना काही सांगितले नाही. पण ती अट घातली तेव्हा नंदाबाई दाराशी भांडी घासत होत्या, आणि त्यांच्या कानात गेलेले पोटात राहत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी खिचडी वाढता वाढता त्या बोलल्या, "खा बाप्पा खा. येत्या साली मॅडम नाई राहायची. तुमचे डुकरं पाहून तिले हाकलून राहिले."

मुले ताटे तशीच ठेवून खोलीत आली. माझ्याभोवतीच बसली.

मग मुन्ना म्हणाला, "सोप्पं आहे. उद्या सगळ्यायनं जीवनलाल सरची किटली काढाची. तोटी उजवीकडं. 'अ' भेटते, मॅडम राहते."

"मॅडमले आवडन काय?" हर्षाने विचारले.

"मॅडमच नाई राहिली, तं आवडन कोनाले?"

मॅडमनी शिकवलेले सोडले तर मॅडम राहणार, आणि धरून ठेवले तर जाणार. मी हे उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मुलांनी तेवढा वेळ घेतला नाही. ठरवले आणि खिचडी गार व्हायच्या आत परत गेली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून पर्यवेक्षक आले. मॅडमना आत थांबायची परवानगी नव्हती. पर्यवेक्षकांनी मला स्टुलावर ठेवले, कसेही, त्यांना पोच्याशी काही घेणे नव्हते. आणि तोटी नेमकी हर्षाकडे झाली.

मी गोल फिरून पाहू शकत नाही, पण पेन्सिलींचा आवाज ऐकू येतो. खस खस खस, सगळ्या बाजूंनी एकच लय. आधी लंबगोल. त्याच्याखाली मडके. ओठांतल्या ओठांत पाढे चालू होते. ज्या मुलांनी डोळे मिटून माझी ट्यूब आणि सुतळी सांगितली असती, ती मुले माझ्याकडे न बघता दुसरीच किटली काढत होती. आणि जीवनलाल सरांच्या वेळेसारखे मला यात वाईट वाटेना. न बघण्यातही काहीतरी होते. काय होते, ते मला नीट मांडता येत नाही.

समोर फक्त हर्षा होती. तिने मोठा गोल काढला. मग त्याच्या मधोमध लहान गोल काढायला पेन्सिल टेकवली आणि थांबली. खोडले. लंबगोल काढला. तोटी उजवीकडे काढली. माझ्याकडे पाहिले. पुन्हा खोडले. तिला ती किटली येत नव्हती, मित्रांनो! सगळ्या वर्गात एकट्या तिला येत नव्हती, कारण तिचा हात डोळ्यांचे ऐकायला शिकला होता आणि आता कोणाचे ऐकू त्याला कळत नव्हते. एकदा तर तिने सोयीच्या त्या किटलीवर पोचाही काढला, आणि घाबरून खोडला. तिथला कागद खरबरीत झाला. छाया द्यायची राहूनच गेली आणि वेळ संपली.

गठ्ठा बांधायला पर्यवेक्षकांनी मॅडमना आत बोलावले. मॅडम कागद एकावर एक ठेवू लागल्या. तोटी उजवीकडे. तोटी उजवीकडे. तोटी उजवीकडे. त्यांचा हात हळू झाला. शेवटी हर्षाचा कागद आला, त्यावरही उजवीकडे. तो त्यांनी उजेडाकडे धरला, खोडलेले पाहिले, खाली ठेवला. गठ्ठा बांधताना त्यांची गाठ दोनदा सुटली.

सगळे गेल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी काहीच शिकवलं नाही."

मी किटली. काय बोलणार?

त्यानंतर मॅडम मला फिरवेनाशा झाल्या. मी जिथे असेन तिथे असायची. त्या फळ्यावर काढायच्या, मुले उतरवून घ्यायची. मुलांना कळेना, आपण मॅडमला वाचवायला एवढे केले आणि मॅडम अशा का? मॅडमना कळेना, एवढे शिकवूनही मुले अशी का? दोघेही एकमेकांकडे चोरून पाहायचे. धान कापून झाले, चुरून दाणे निघाले, खळी रिकामी झाली, तरी खोलीतले हे काही हलेना.

मग निकाल आला. जवळजवळ सगळ्यांना 'अ'. एकट्या हर्षाला 'क'.

खुमेंद्र सर खूश झाले. त्यांनी जीवनलाल सरांना शाल दिली, श्रीफळ दिले, आणि भाषणात म्हणाले, "सरांच्या मार्गदर्शनामुळे, आणि, हां, मॅडमच्याही मेहनतीमुळे." मॅडमचे पुढचे वर्ष पक्के झाले. कार्यक्रमानंतर सगळे खोलीत चहाला आले. त्या दिवशी माझ्यात कितीतरी वर्षांनी चहा होता. नंदाबाईंनी मला स्टुलावर टेकवले आणि जीवनलाल सर शाल सावरत जी जागा रिकामी होती तिथे बसले. ती हर्षाची जागा. तोटी त्यांच्याकडे होती.

सर कप तोंडाला लावता लावता थांबले.

"नंदाबाई, ही किटली दुसरी आणली का?"

"तेच होय सर. तुमीच आणली होती कवडूपासून."

"अशी नव्हती ही."

"अशीच होती. तुमी आज समोर बसले."

सरांनी मान तिरकी केली, सरळ केली. कप खाली ठेवला. "डुक्कर," ते स्वतःशीच म्हणाले. आणि मग फार हळू, "पोरीनं बरोबर काढलं होतं की."

मॅडमना ते ऐकू गेले. हर्षा दाराशी कप घेऊन उभी होती. इतक्या दिवसांचे मनात साठलेले मॅडमच्या तोंडून निघून गेले, "मग परीक्षेत का नाही काढलंस? तुला तर दिसत होतं. तूसुद्धा?"

हर्षाने मान खाली घातली. बोलल्या त्या नंदाबाई, आणि चांगल्याच तडकून बोलल्या. "कायले ओरडता तिच्यावर? तुमच्यासाठीच केलन पोट्ट्यायनं! तुमाले हाकलून देत होते म्हनून. नाई तं ह्यायले काय नडलं होतं?"

खुमेंद्र सरांना अचानक बाहेर काम आठवले. मॅडम उठल्या, माझ्याजवळ आल्या. मला वाटले रडतील. त्यांनी मला मुठीला धरून उचलले. चहा होता, मूठ तापली होती. पण ट्यूब होती. मला पुन्हा स्टुलावर ठेवले, पोचा मुलांकडे केला आणि म्हणाल्या, "उद्या सगळ्यांनी आपापल्या जागेवर बसायचं. परीक्षेला बसला होतात तसंच. आणि मुन्ना, तोटी उजवीकडे आली तर बघ."

"मॅडम, माह्या जागेवरून डावीकडे येते," मुन्ना म्हणाला.

"मग डावीकडे काढ."

दुसऱ्या दिवशी मुलांनी मला काढले. मॅडमनी ते कागद व्हरांड्याच्या भिंतीवर लावले, ज्या क्रमाने मुले बसली होती त्याच क्रमाने. तुम्ही व्हरांड्याच्या एका टोकाने चालू लागलात, तर तोटी आधी उजवीकडे असते, मग जवळ जवळ येते, मग तुमच्या अंगावर येते, तिथे हर्षाचे डुक्कर आहे, मग डावीकडे जाते, मागे दडते, पोचा येतो, जातो. चालत गेलात तर मी फिरते. नंदाबाई वरण वाढायला मला घेऊन निघाल्या, तेव्हा त्या तिथून गेल्या आणि मी स्वतःला पहिल्यांदा सगळ्या अंगांनी पाहिले. पोचा मला वाटत होता तेवढा मोठा नाही.

जीवनलाल सरही एकदा तिथे आले. शाल नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, पुन्हा उलटे चालले. मग मॅडमना म्हणाले, "छान आहे. पण पुढच्या परीक्षेला तोटी उजवीकडेच, हां!" आणि खिशातून मऊ रबरांची पुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवून गेले. घ्या! सुटत आलेला माझा घोळ पुन्हा होता तिथे.

तेव्हा चांगला चित्रकला शिक्षक कोणाला म्हणावे, ते मला विचारू नका. ज्याच्या रीतीने मुलांना 'अ' मिळाली त्याला? की जिच्यासाठी मुलांनी आपले डोळे मिटून घेतले तिला? खरी किटली काढली असती तर काय श्रेणी मिळाली असती, हे तर आता कोणालाच कळणार नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझ्यासारखी एखादी पडलेली असेल. तिच्यात पालीची अंडी असतील तर काढा, तिला घासा, आणि फळ्याकडे पाहायच्या आधी तिच्याभोवती एक चक्कर मारा. तिला कुठे लागले आहे ते बघा. तिच्याकडे पाहणारे कोणी असेल, तर त्यालाही नीट ठेवा.

राहिला शेवटचा हिशेब. खुमेंद्र सरांना निकाल मिळाला. जीवनलाल सरांना शाल मिळाली, आणि गिरजाबाईंचा गुंड घरीच राहिला. कवडूला नवी किटली तर केव्हाच मिळाली. मुलांना वाढीव गुण. मॅडमना आणखी एक वर्ष, आणि चित्रकलेला तिचा तास. मला व्हरांडाभर मी. हे सगळे जमेला.

नावे एकच बाब, हर्षाचा 'क'. या सगळ्याची भरपाई तिने एकटीने केली. आणि तिला विचाराल तर ती सांगते, रबर खराब होतं.